चकाकी जाईपर्यंत

घराबाहेरच्या जिन्याच्या वळणावर रोझेर तिबोदोला तो वास आला आणि त्याचा पाय वरच्या पायरीवर पडायचा राहिला. एका हातात पावाची पिशवी होती, दुसरा हात लोखंडी कठड्यावर. मार्च महिना, पायऱ्यांवर अर्धवट वितळलेला बर्फ आणि त्यावर कुणी घसरू नये म्हणून सकाळी त्यानंच टाकलेलं जाडं मीठ. वास उकळत्या तपकिरी साखरेचा होता, आणि साखरेत साय होती. खालच्या मजल्यावरून येत असेल, असं त्यानं आधी ठरवून टाकलं. पण खालची माणसं हिवाळाभर फ्लोरिडात असतात, एप्रिलपर्यंत त्यांच्या खिडक्यांचे पडदेसुद्धा हलत नाहीत. म्हणजे वास वरून येत होता. त्याच्याच घरातून. मग तो तिथंच उभा राहिला, चुकून परक्याच्या जिन्यावर चढलेल्या माणसासारखा, आणि खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या एका कुत्र्याकडे फार लक्षपूर्वक बघू लागला.

इतक्या वर्षांच्या संसारात नोरमांदनं ही वडी कधी केली नव्हती. सुक्र-आ-ला-क्रेम. साखर, साय, लोणी, बाकी काही नाही. क्वेबेकमध्ये ही वडी न होणारं घर सापडणं कठीण. नाताळात शेजारीपाजारी तिचे डबे फिरतात, चर्चच्या तळघरातल्या विक्रीत ती असते, कुणी मेलं तर सांत्वनाला येणारी माणसंसुद्धा तीच घेऊन येतात. नोरमांद बाकी सगळं करायची. मांसाची कचोरी करायची, मोलॅसिस घालून बीन्स शिजवायची, साखरेचं सारण भरलेली ‘शुगर पाय’ तर अशी की तिच्या नणंदा गुपचूप दुसरा तुकडा घ्यायच्या. ही वडी मात्र नाही. कुणी डबा आणून दिला तर ती आभार मानायची आणि डबा त्याच्यापुढे सरकवायची. ‘तू खा. माझे दात,’ एवढंच म्हणायची. तिचे दात उत्तम होते. रोझेर खायचा. का करत नाहीस, असं त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. संसारात अशा काही व्यवस्था असतात, ज्या कुणी ठरवलेल्या नसतात आणि म्हणूनच कुणाला मोडता येत नाहीत.

कारण अर्थात ते गाणं होतं. ओरेल सान्तेरचं गाणं, जे इथल्या प्रत्येकाला निदान अर्धं तरी पाठ असतं. बंदरावरचं एक स्वयंपाकघर. खिडकीत पिवळा पडदा, खिडकीबाहेर धुकं. एक मुलगी पाठमोरी उभी राहून पातेल्यात साखर आणि साय घोटते आहे. दारात एक भाडेकरू उभा आहे, तो म्हणतो, एकदा वळ. ती वळत नाही. गाण्यात इतकंच होतं, आणि एवढ्यावर माणसं चाळीस वर्षं रडत होती. ते रेडिओवर पहिल्यांदा लागलं तेव्हा रोझेर आणि नोरमांदचं लग्न होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती. नोरमांदच्या बहिणीच्या घरी जेवण होतं. बहीण लिझेत हातातला काटा टेबलावर आपटून म्हणाली, ‘अगं बाई, हे तर आपलं स्वयंपाकघर! हा सान्तेर म्हणजे वरच्या खोलीतला तोच तो, खोकत असायचा तो!’ सगळे नोरमांदकडे बघायला लागले. त्यांची आई मातानला, त्यांच्या बंदराच्या गावी, घरात भाडेकरू ठेवायची आणि सान्तेर एक हिवाळाभर तिथं राहिला होता; बंदरावरच्या हॉटेलात तेव्हा तो गायचा आणि त्याला कुणी ओळखत नव्हतं. नोरमांद म्हणाली, ‘मातानमध्ये प्रत्येक स्वयंपाकघरातून बंदर दिसतं.’ आणि कॉफी आणायला आत गेली. सगळे हसले. रोझेरही हसला. कॉफी आणायला जितका वेळ लागतो त्यापेक्षा तिला थोडा जास्त लागला, हे मात्र त्याच्या मनात राहिलं; अंगात कुठंतरी काचेचा बारीक कण राहून जावा आणि त्यावर कातडी यावी, तसं.

ते स्वयंपाकघर त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्यांची ओळख होण्याआधीच सासूबाईंनी घर विकलं होतं. त्यामुळे बायकोचं माहेर त्याला माहीत होतं ते फक्त त्या गाण्यातून, म्हणजे दुसऱ्या पुरुषाच्या डोळ्यांतून. एकदा कुठल्याशा प्रवासात मोटार चालवता चालवता तो सहज म्हणाला होता, ‘तुमच्या त्या पिवळ्या पडद्याच्या खोलीत...’ आणि नोरमांद झोपाळलेल्या आवाजात म्हणाली होती, ‘पडदा पिवळा नव्हता.’ बस्स. मग ती खिडकीकडे तोंड करून झोपली, की झोपल्यासारखी राहिली. पुढचा सगळा रस्ता रोझेर त्या वाक्यावरून गाडी चालवत राहिला. पडदा पिवळा नव्हता. म्हणजे बाकीचं?

त्याची नोकरी लिफ्टच्या दुरुस्तीची. शहरातल्या मोठ्या इमारतींतून तेव्हा लिफ्टमध्ये संगीत लावायची पद्धत होती, आणि सान्तेरचं ते गाणं शब्द काढून, व्हायोलिनवर बसवून, फार मऊ करून लावलेलं असायचं. रोझेर लिफ्टच्या टपावर ग्रीसचा डबा घेऊन उकिडवा बसलेला असायचा. वर अंधार, खाली अंधार, मध्ये एक टांगलेला दिवा आणि तेल लागलेल्या दोरांचा वास. आणि त्याच्या बुटांच्या तळव्यांखालून ते गाणं यायचं. खाली लिफ्टमध्ये माणसं आपापल्या मजल्याची वाट बघत उभी, कुणाचं लक्षही नाही, आणि त्यांच्या डोक्यावर हा. पायाखाली त्याच्या बायकोचं स्वयंपाकघर वर जातंय, खाली येतंय, वर जातंय. त्याला राग येत नसे. राग यायला समोर माणूस लागतो. इथं फक्त सूर होता, आणि तो सूर वाईट नव्हता. हीच त्यातली अडचण होती.

कुत्रं कोपऱ्यावर वळलं. रोझेर वर चढला आणि दार उघडून उभा राहिला.

“दार लाव,” शेगडीपुढे उभी असलेली नोरमांद मागे न बघता म्हणाली. “रस्ता तापवायचाय का?”

त्यानं दार लावलं. तिची पाठ, एप्रनची गाठ, मानेवर आलेले पांढरे केस. खिडकीबाहेर बंदर नव्हतं, बोळापलीकडची समोरच्या घराची विटांची भिंत होती.

“हे काय चाललंय?”

“दिसत नाही? वाचनालयात आज दुपारी सान्तेरचा कार्यक्रम आहे. वर्ष झालं ना त्याला जाऊन. तिथली कोरिन म्हणाली, ज्याला त्याला जमेल तशी घरची वडी आणा, गाणी म्हणू, खाऊ, आठवण काढू.”

“आणि तू हो म्हणालीस.”

“पोरगी इतकी गोड बोलते. माझ्या तोंडून कधीतरी गेलं होतं की मी मातानची, आमच्या घरी राहायचा तो. आता मातानच्या बाईनं दुकानातली वडी न्यायची का?” तिनं डावातला एक थेंब गार पाण्याच्या वाटीत सोडला आणि बोटांनी चाचपला. “झाला गोळीबंद. हे पातेलं मागच्या बाल्कनीत बर्फावर ठेव बघू जरा. पाव कोपऱ्यावरचाच आणलास ना?”

“कोपऱ्यावरचाच.”

पातेलं निवल्यावर ते त्यानंच आत आणलं. नोरमांदनं डाव हातात घेतला, दोन-तीन वेळा फिरवला आणि खांदा धरून थांबली. त्या खांद्याची गेल्या वर्षी शस्त्रक्रिया झाली होती.

“नाही जमायचं. तू घोट.”

“मी?”

“आयुष्यभर लिफ्टा ओढल्यास ना? मग एक डाव फिरव. आणि थांबायचं नाही हं. थांबलास तर पातेल्यातच दगड होईल. चकाकी जाईपर्यंत घोटायचं.”

तो घोटायला लागला. पाक आधी सैल होता, डावाच्या मागे मागे रेशमासारखा वळत होता आणि त्यात छताचा दिवा दिसत होता. कोमट गोड वाफ त्याच्या हनुवटीला लागत होती. नोरमांद पलीकडे ट्रेला लोणी लावत होती, कोपऱ्यांत बोट घालून, निवांत. आपण ज्या माणसाची इतकी वर्षं धास्ती घेतली त्याच्याच श्राद्धाचं गोड आपण घोटतो आहोत, हे रोझेरच्या लक्षात आलं आणि त्याला त्याचं काही विशेष वाटलं नाही. उलट हातांना काम मिळाल्यामुळे डोकं जरा मोकळं झालं होतं, आणि त्या मोकळ्या जागेतून ते वाक्य बाहेर आलं. ते फार मोठं असेल, घशात अडकेल, असं त्याला नेहमी वाटायचं. प्रत्यक्षात ते मीठ कुठं आहे विचारावं इतक्या साध्या आवाजात आलं.

“गाण्यातली ती मुलगी तूच ना?”

नोरमांदचं बोट ट्रेच्या कोपऱ्यात थांबलं.

“हो.”

मग तिनं तो कोपरा पुरा केला.

“पडदा निळा होता,” ती म्हणाली. “निळ्याला यमक जुळलं नसेल.”

“त्यानं म्हटलं होतं, वळ म्हणून?”

“काही म्हणाला नाही. दारात उभा होता. बराच वेळ. मला कळत होतं तो उभा आहे. हातातलं टाकता येत नव्हतं, एवढंच. मग जिन्यावर पावलं वाजली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं गेला.” ती ट्रे पुढं सरकवून हात पुसायला लागली. “चल म्हणाला असता तर गेले असते.”

डाव मध्येच अडखळला.

“थांबू नकोस,” नोरमांद म्हणाली.

तो थांबला नाही. दंड भरून आला होता. पाक जड व्हायला लागला होता, डावाच्या कडेनं आता रेघा उठत होत्या आणि मोडत होत्या. आपल्याला काहीतरी व्हायला हवं, असं त्याला वाटत होतं. पायाखालची जमीन सरकते, कानशिलं तापतात, असं काही. पण जमीन होती तिथंच होती आणि फरशीच्या एका चौकोनाचा टवका उडालेला त्याला दिसत होता. तो बसवायला हवा. जे इतकी वर्षं अंदाजानं वाहिलं, त्याचं खरं वजन तेवढंच निघालं. कमीही नाही, जास्तही नाही. ‘गेले असते.’ म्हणजे गेली नाही. म्हणजे इथं आहे, हात पुसते आहे. पण ती इथं आहे ती कुणीतरी विचारलं नाही म्हणून, आणि मग दुसऱ्या कुणीतरी विचारलं म्हणून. तो दुसरा आपण. बघता बघता पातेल्यातला दिवा विझला. पाकाची चकाकी एकदम गेली, तो वाळूसारखा, मातकट, शांत झाला. नोरमांद म्हणाली, “ओत, ओत, लवकर,” आणि दोघांनी मिळून तो ट्रेमध्ये ओतला. डाव तिनं त्याच्यापुढं धरला. त्यानं चाटला. चांगली झाली होती.

वाचनालयात गर्दी होती. लहान मुलांच्या विभागातली ठेंगणी टेबलं ओळीनं लावून त्यांवर डबे मांडले होते. पत्र्याचे, प्लॅस्टिकचे, एक तर बुटांच्या खोक्यात चांदीचा कागद घालून आणलेला. इतक्या घरांतून एकाच जिन्नसाच्या इतक्या जाती. फिकट, गडद, अक्रोड घातलेल्या, कुणाच्या मऊ राहिलेल्या, कुणाच्या चमच्यानं खाव्या लागतील अशा. बायका एकमेकींच्या डब्यांत डोकावत होत्या आणि ‘वा’ म्हणत होत्या. एक मुलगी गिटारवर सान्तेरची गाणी म्हणत होती आणि म्हाताऱ्या माणसांचे ओठ हलत होते. ती मुलगी जन्मली तेव्हा सान्तेरनं गाणं सोडून दिलं होतं. ते एक गाणं झालं तेव्हा सगळेच म्हणायला लागले. रोझेरनं चोरून नोरमांदकडे पाहिलं. ती म्हणत नव्हती, पण तिनं नवी लिपस्टिक लावली होती आणि ती सरळ बसली होती. घरून निघताना ती आरशापुढं थोडा वेळ उभी राहिली होती, हे त्याला आता आठवलं.

नाकात बारीक रिंग घातलेली कोरिन पुढं आली. “आज आपल्यात एक खास पाहुण्या आहेत बरं का,” ती म्हणाली. “मादाम तिबोदो. त्या मातानच्या आहेत, आणि सान्तेर त्यांच्या आईच्या घरी राहायचे. मी मघाशी त्यांचा डबा बघितला, पहिली वडी मीच खाणार आहे. मादाम आपल्याशी दोन शब्द बोलतील. पण त्याआधी एक गंमत. रेडिओची एक जुनी मुलाखत मला सापडली आहे, ती ऐकूया.”

स्पीकरच्या खोक्यातून खरखर आली आणि मग सान्तेरचा आवाज. बोलण्याचा, गाण्याचा नव्हे. रोझेरनं तो कधी ऐकला नव्हता. तंबाखूनं चिरलेला, आळशी, लोकांना आपण आवडतो हे ठाऊक असलेला आवाज. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, ती स्वयंपाकघरातली मुलगी कोण? ‘अहो, कुठली मुलगी!’ आवाज म्हणाला. ‘मुलगीबिलगी कुणी नव्हती. एक दमट खोली होती, आणि खोकला. गाण्याला एक मुलगी लागत होती म्हणून उभी केली. लोक विचारतात, तिचं पुढं काय झालं. मी म्हणतो, पेन्सिलीनं काढलेल्या बाईचं पुढं काय होणार? आणि ती वडी म्हणाल, तर मी आजवर एक तुकडा खाल्लेला नाही. माझे दात बघा!’

वाचनालय हसलं. प्रेमानं हसलं, आपला माणूस किती बेरकी होता या कौतुकानं. नोरमांदही हसली. सगळ्यांपेक्षा किंचित उशिरा. तिच्या मांडीवर डब्याचं झाकण होतं आणि ती त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत होती.

आता सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. एवढी वर्षं ज्याची भीती होती त्यानं आपल्या तोंडानं सांगितलं होतं की असं काही नव्हतंच. बायको त्यानं परत दिली होती, सव्याज, चारचौघांत. पण रोझेरला दिसत होता तो फक्त तो अंगठा. आणि त्याच्या आत काहीतरी तापत वर येत होतं, जे सकाळी पातेल्यापाशी यायला हवं होतं आणि आलं नव्हतं. पेन्सिलीनं काढलेली म्हणे! ही एकोणीस वर्षांची मुलगी तिथं उभी होती, तिचा हात अडकलेला होता, तिला पाठीमागचा श्वास कळत होता. आणि ती गेली असती.

“खोटं बोलतोय तो,” रोझेर म्हणाला. आपण उभे आहोत हे त्याला नंतर कळलं.

हसू विझलं. कोरिनचा हात खोक्याच्या बटणावर तसाच राहिला.

“मुलगी होती,” रोझेर म्हणाला. “ही होती. पडदा निळा होता.” आणखी काही बोलायला हवं असं त्याला वाटलं, पण एवढंच होतं. तो खाली बसला.

मागच्या रांगेतली एक जाडजूड म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “अगोबाई, मग त्यांनाच बोलू दे की!” नोरमांद उठली. तिचे कान लाल झाले होते. ती सगळ्यांकडे बघत राहिली, जणू कुठल्या खोलीत आलो आहोत ते ताडून पाहते आहे.

“माझ्या नवऱ्यानं घोटली आहे,” ती म्हणाली. “खाऊन बघा. जरा दाणेदार झाली असेल, पहिलीच वेळ त्याची.”

लोक पुन्हा हसले, या वेळी वेगळं, आणि खुर्च्या सरकल्या. डबा बघता बघता रिकामा झाला. कोरिननं जाताना नोरमांदचे दोन्ही गाल चुंबले आणि रोझेरकडे असं पाहिलं, जणू तोही कुठल्या गाण्यातला आहे.

घरी ती दोघं पायीच निघाली. पदपथावर पाणी वाहत होतं, नोरमांदनं त्याचा दंड धरला होता. तो दंड दुखत होता, पण त्यानं सांगितलं नाही.

“ओरडायची काय गरज होती?” ती म्हणाली.

“ओरडलो नाही.”

“पुस्तकांच्या मागं कुणाचं तान्हं होतं, ते जागं झालं.”

बागेपाशी मुलांचं स्केटिंगचं मैदान होतं, भोवतीच्या फळ्या अजून उभ्या, पण आतला बर्फ काळपट आणि पाणी साचलेला. ती तिथल्या बाकावर बसली. तो शेजारी बसला.

“त्याला आठवत नसेल,” नोरमांद म्हणाली.

“नसेल.”

“किंवा आठवत असेल, आणि मुद्दाम नाही म्हणाला असेल. माझं लग्न झालंय, हे लिझेतनं त्याला कुठं भेटून सांगितलंही असेल. तिचं काय सांगावं!”

तो आवाज तशा माणसाचा नव्हता, हे रोझेरला पक्कं माहीत होतं. “असंही असेल,” तो म्हणाला. म्हणायला फारसं जड गेलं नाही, याचं त्यालाच नवल वाटलं.

तिनं रिकामा डबा बाकावर ठेवला आणि त्याच्याकडे वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“त्या हिवाळ्यात तू कुठं होतास?”

“शाविनिगनला. लिफ्टचं काम शिकत होतो. माहीत आहे तुला.”

“ते माहीत आहे. पण करत काय होतास?”

त्या हिवाळ्याबद्दल कुणी कधी काही म्हटलं नव्हतं. त्यानं स्वतःही नाही. “स्केटिंग शिकत होतो,” तो म्हणाला.

“तुला कुठं येतं स्केटिंग?”

“नाहीच येत. घरी तेव्हा बूट घ्यायची ऐपत नव्हती, आणि मोठेपणी कुणाला सांगणार, येत नाही म्हणून? इथं पाळण्यातल्या पोरालाही येतं. म्हणून पोरं जेवायला घरी गेली की मी मैदानावर जायचो. अख्खा हिवाळा पडत होतो.”

“एकटा?”

“एकटा.”

“आणि कुणी बघितलं नाही?”

“कुणी नाही.”

नोरमांदच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज निघाला. आधी त्याला वाटलं ती रडते आहे. ती हसत होती. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, लिपस्टिक हनुवटीवर पसरेपर्यंत. मग तिनं हातमोज्यानं डोळे पुसले आणि पाय बाकाखाली ओढून नीट बसली.

“सांग,” ती म्हणाली. “पहिल्यापासून सांग. बूट कुठून आणलेस, तिथपासून.”

रोझेरनं घसा साफ केला.

“बूट पांढरे होते,” तो म्हणाला. “बायकांचे. माझ्या मापाचे तेवढेच उरले होते.”